सुपुत्राची भरारी झाली, पण स्पीकर कुणी ऐकला?

छोट्या हायफायवाल्यांना, म्हणजे घरी नीट गाणं ऐकायची यंत्रं बनवणाऱ्यांना, मीडिया विचारत नाही ही तक्रार मी एवढ्या वेळा केलीय की आता माझ्याच तोंडून ऐकायचा मला कंटाळा आलाय. आणि खरं सांगायचं तर ती अर्धीच खरी आहे. विचारतात हो. आमच्या सिंधुदुर्गात तर जरा जास्तच विचारतात, कुणी काही वेगळं करतंय म्हटलं की शाल, नारळ, फोटो, बातमी सगळं होतं. फक्त त्या बातमीत ज्या वस्तूमुळे ती बातमी झाली ती वस्तू नसते.

माझा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला भाई म्हणतो, कुडाळजवळ घराच्या पडवीत स्पीकर बनवतो. मोठे नाहीत, बुकशेल्फ टाइप, टू-वे, म्हणजे खालच्या सुरांना साडेसहा इंची वूफर आणि वरच्या सुरांना एक इंची डोम ट्वीटर, खोकं अठरा एमएमच्या मरीन प्लायचं आणि वरून सागाचं विनिअर. ड्रायव्हर, म्हणजे हे वूफर-ट्वीटर, बाहेरून मागवतो, बाकी खोकं, क्रॉसओव्हर (आवाज त्या दोघांत वाटून देणारं सर्किट), पॉलिश सगळं तिथेच. महिन्याला फार तर एखादी जोडी होते, आणि आंब्याच्या सीझनला तीही नाही कारण तेव्हा भाई कलमांवर असतो. मी मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात होतो, सगळं गुंडाळून गावी आलो, त्यामुळे लिहिण्याबोलण्याचं खातं कुणी न विचारताच माझ्या गळ्यात पडलं.

तर पहिली बातमी. तालुक्याचा एक पत्रकार बाईकवर आला, चहा झाला, भाईचे फोटो काढले, एक रंधा हातात धरून आणि एक दोन्ही स्पीकरवर हात ठेवून. आम्ही म्हटलं ऐकून जा, एक भजन लावतो, नाटकातलं एखादं पद लावतो. तर म्हणे घाई आहे, सावंतवाडीला एक उद्घाटन आहे. दोन दिवसांनी छापून आलं. "कुडाळच्या सुपुत्राची गरुडभरारी". खाली "परदेशी कंपन्यांना दिली टक्कर". मावशीचं नाव होतं, शाळेचं नाव होतं, भाईने लहानपणी रेडिओ खोलून ठेवला होता तो किस्सा होता (जो खरा आहे, पण तो रेडिओ परत जोडता आला नव्हता ते मात्र छापलं नाही). स्पीकरचा साइज नाही, किंमत नाही, कुणी ऐकला आणि कसा वाटला तर अजिबातच नाही.

बातमी आल्यावर फोन मात्र खूप आले. कोणाचे? गणपतीच्या मिरवणुकीवाल्यांचे. "बेस किती मारता?" हा पहिला प्रश्न. भाई बिचारा प्रत्येकाला समजावत बसला की दादा हा घरात बसून ऐकायचा स्पीकर आहे. मी तर एकाला हिशोबच सांगितला. आमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८६. पॉवर दुप्पट केली की जेमतेम ३ डेसिबल वाढतात, म्हणजे १०० वॅट दिले तरी १०६, आणि उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, म्हणजे ८ मीटरवर उभ्या माणसाला उरले ८८. ढोलाच्या पुढे कोण ऐकतंय ते? त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग अठरा इंची कधी बनवतास?"

हसू येतं पण यात नुकसान आहे. ज्याला हवा त्याला कळलंच नाही, आणि ज्याला नको त्याचे फोन उचलण्यात आठवडा गेला. भाईचं त्यावर एकच वाक्य, "पेपरात इलंय, पण माझो स्पीकर इलो नाय."

पत्रकाराला मी दोष देत नाही, म्हणजे देतो पण थोडाच. तालुक्याच्या पत्रकाराला कसं काम करावं लागतं ते मी जवळून बघितलंय. सकाळी अपघात, दुपारी ग्रामसभा, संध्याकाळी क्रिकेटचं बक्षीस वितरण, वर दिवाळी पुरवणीला जाहिराती आणून द्यायच्या. त्याच्याकडे सुपुत्र-भरारी हा साचा तयार आहे, त्यात बोटबांधणीवाला, कोकमवाला, स्पीकरवाला कोणीही बसतो. राग एवढ्याचाच येतो की त्याच माणसाला घरचा टीव्ही घ्यायचा असतो तेव्हा तो चार दुकानं फिरतो, रिमोट हातात घेऊन बघतो, वॉरंटीचं विचारतो. म्हणजे पारख त्याला येते. बातमी लिहिताना ती घरी ठेवून येतो.

मग आम्ही ठरवलं की खरा रिव्ह्यू करून घ्यायचा. म्हणजे ज्यांचं कामच ते आहे अशा लोकांकडून. व्हिडिओ चॅनलवाले बरेच आहेत आता हिंदीत, इंग्रजीत, थोडे मराठीतही. एकाला मेल केला, उत्तर लगेच आलं, फार प्रेमाने, आणि सोबत रेट कार्ड. एवढे दिले तर अनबॉक्सिंग, एवढे दिले तर "डिटेल्ड रिव्ह्यू", स्पीकर परत मिळणार नाही, आणि एक ओळ अशी की निगेटिव्ह पॉइंट आधी तुम्हाला दाखवून मग ठेवायचे का ते ठरवू. मी जाहिरातीतलाच माणूस, मला पैशाचं वावडं नाही. पैसे घेऊन जाहिरात कर ना, कर, पण तिला जाहिरात म्हण. आणि हे काही माझं सोवळं नाही, नियमच आहे. जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, हिने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियमावली काढली, जून २०२१ पासून लागू, की पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर पोस्टवर ठळक तसं लिहायचं. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, परत केली तर ५० लाखांपर्यंत. मी त्याला विचारलं, व्हिडिओवर 'पेड' लिहिणार ना? तर म्हणे त्याने व्ह्यूज पडतात. तिथे विषय संपला.

प्रामाणिक लोक नाहीत का, आहेत. आणि त्यांच्याकडे गेलो तेव्हा कळलं की प्रामाणिक रिव्ह्यू हा पेड रिव्ह्यूपेक्षा महाग पडतो! कसं ते सांगतो. ज्याला नीट ऐकायचंय तो म्हणतो जोडी दोन-तीन महिने माझ्याकडे राहू दे, माझ्या आधीच्या रांगेतलं संपलं की लावतो. बरोबरच आहे त्याचं. पण आमची महिन्याची एक जोडी. म्हणजे एका जोडीत भाईचा त्या महिन्याचा सगळा धंदा त्या माणसाच्या हॉलच्या कोपऱ्यात बसलेला. मोठ्या कंपनीला रिव्ह्यूची जोडी म्हणजे गोडाऊनमधलं एक खोकं. वर पॅकिंग, लाकडी क्रेट, कुरियर. आणि ती जोडी परत येते तेव्हा नवी म्हणून विकता येत नाही. एकदा तर एका जोडीच्या कोपऱ्याचं विनिअर असं उडून आलं की क्रेट उलटा आपटल्याशिवाय ते होणं शक्य नव्हतं, कुरियरवाला म्हणे पॅकिंग कमी पडलं. भाईने तो कोपरा परत बसवला पण ग्रेन काही जुळली नाही, ती जोडी आता त्याच्याच घरी टीव्हीखाली आहे, मावशी मालिका ऐकते तिच्यावर, जगातली सगळ्यात सुखी ग्राहक.

हे आमचंच रडगाणं नाही, हायफायच्या जगात हा गुंता जुना आहे. अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट नावाचा माणूस एका मोठ्या हायफाय मासिकात रिव्ह्यू करायचा, जाहिरातदारांना सांभाळून लिहावं लागतं याला कंटाळून बाहेर पडला आणि १९६२ साली त्याने स्वतःचं 'स्टिरिओफाइल' सुरू केलं, सुरुवातीला जाहिराती न घेता. अंक काही वेळेवर निघायचे नाहीत म्हणे, पण लिहायचा ते स्वतः ऐकून. पुढे ते मासिक मोठं झालं तेव्हा त्यांनीच एक नियम ठेवला की ज्या वस्तूला अमेरिकेत किमान पाच डीलर आहेत तीच पूर्ण रिव्ह्यूला घ्यायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो अन्याय वाटला, पाच डीलर असते तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? पण वाचकाच्या बाजूने बघितलं की पटतं. वाचकाने वाचून वस्तू ऐकायची कुठे? बिघडली तर न्यायची कुठे? आज आहे उद्या नाही अशा कंपनीचं कौतुक छापलं आणि लोकांचे पैसे अडकले तर शिव्या मासिकाला. पुढे ऑनलाइन थेट विकणारे आले तसा तो नियम सैल झाला, पण त्याच्यामागचा प्रश्न कुडाळला पण लागू आहे. भाई आजारी पडला तर पुण्यातल्या गिऱ्हाइकाचा क्रॉसओव्हर कोण बघणार? मी तर नाही, मला सोल्डरिंग येत नाही.

त्या मासिकाची अजून एक पद्धत मला फार आवडते. रिव्ह्यू छापण्याआधी तो बनवणाऱ्याकडे जातो, बदलायला नाही, उत्तर द्यायला, आणि ते उत्तर त्याच अंकात मागे छापतात. म्हणजे टीकाही पूर्ण आणि तुमचं म्हणणंही पूर्ण. आपल्याकडे काय होतं, एक तर सगळी ओवाळणी, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये "चायनीज माल आहे" असं लिहून जातो आणि त्याला उत्तर द्यायला गेलो की अजून चार जण येतात.

टीका झाली की कोर्टात जाणारेही असतात. बोस कंपनीचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. १९७० साली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने बोसच्या ९०१ स्पीकरबद्दल लिहिलं की वाद्यं खोलीभर फिरल्यासारखी वाटतात. कंपनीचं म्हणणं, खोलीभर नाही, ऐकणाऱ्यांना ती दोन स्पीकरमधल्या भिंतीच्या बाजूने सरकल्यासारखी वाटली होती, लिहिलंय ते चूक. खटला झाला, खालच्या कोर्टात बोस जिंकली, अपिलात हरली, आणि शेवटी १९८४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने मासिकाच्या बाजूने निकाल दिला, की वर्णन नेमकं नसेलही पण जाणूनबुजून खोटं लिहिलंय हे सिद्ध होत नाही. मी हे भाईला सांगितलं तर तो खोक्याला सँडपेपर मारता मारता म्हणाला, "आणि त्या वर्सांत स्पीकर कोण बनवी होतो?" बोसला परवडलं. मला विचाराल तर छोट्या माणसाने वाईट रिव्ह्यू आला तर तो छापून पडवीत लावावा आणि परत ऐकावं, बस्स.

भारतात काही झालंच नाही असं नाही हां. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून आहे. पुण्याच्या केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल (विजेच्या दाबाने हलणारा पातळ पडदा) आणि साधा वूफर असे हायब्रिड स्पीकर बनवले, ही काही सोपी गोष्ट नव्हे. कोचीत एका आर्किटेक्टने रेथम नावाने हॉर्नवाले, म्हणजे कर्ण्याच्या तत्त्वावरचे, स्पीकर केले आणि त्यांच्याबद्दल परदेशात लिहून आलं. तुमच्या ओळखीतल्या किती जणांना यातलं एकही नाव माहीत आहे? मग गावच्या पेपरात "परदेशी कंपन्यांना टक्कर" वाचून मला हसायला येतं, आधी देशी कंपन्यांची ओळख तरी करून द्या.

कुठे छापून येतं यालाही फार महत्त्व आहे. भाई ज्या गणिताने खोकं कापतो, किती लिटरचं, मागच्या पोर्टचा (हवा जायच्या-यायच्या भोकाचा) पाइप किती लांब, ते गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील या इंजिनिअरने १९६१ साली मांडलं. आज कुठल्याही वूफरच्या कागदावर जे थील-स्मॉल पॅरामीटर छापलेले असतात त्यातला हा थील. पण त्याचा तो पेपर छापला गेला ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ इंजिनिअरांच्या जर्नलमध्ये, आणि बाहेरच्या जगाने जवळजवळ ढुंकून पाहिलं नाही. १९७१ मध्ये अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलने तोच पेपर परत छापला आणि मग सगळ्या धंद्याची खोकी कापायची पद्धत बदलली. दहा वर्षं. तोच मजकूर, तेच आकडे. म्हणून कोणी म्हणालं की चांगला माल असला की लोक येतातच, तर मी त्याला थीलची गोष्ट सांगतो.

आता आकड्यांचंच निघालंय तर सांगतो, रिव्ह्यूच्या नावाने आम्ही जे काही मिळवलं त्यातलं सगळ्यात खरं आम्हाला घरच्या खळ्यात मिळालं. स्पीकर मोजायचा तर भिंतीवरून, जमिनीवरून परत येणारा आवाज वेगळा काढायला लागतो, मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी खास खोल्या असतात. आपल्याकडे खळं. पाऊस संपला की स्पीकर दोन मीटर उंच घोड्यावर चढवायचा, समोर एक मीटरवर मोजायचा मायक्रोफोन, आर.ई.डब्ल्यू. नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते लॅपटॉपवर. स्पीकरचा थेट आवाज आधी येतो आणि जमिनीवरून उडून आलेला साधारण ९ मिलिसेकंद उशिरा, तेवढ्या आधीचंच धरायचं, मग ११० हर्ट्झच्या वरचं चित्र स्वच्छ येतं. खोलीत हेच केलं तर छत-जमीन जवळ असल्यामुळे २०० च्या खालचं काही धरता येत नाही. खालचा बेस वेगळा मोजायचा, स्पीकर आणि माइक दोन्ही सिमेंटच्या खळ्यावर टेकवून, त्यात ६ डेसिबल जास्त दिसतात ते वजा करायचे.

ऐकायला सोपं आहे. करायला गेलो तर दिवसा वारा, रस्त्यावरून डंपर, शेजारच्यांची कोंबडी. रात्री गेलो तर बेडूक. बेडकांचा आवाज ग्राफवर असा काही दिसायचा की भाईला वाटलं ट्वीटर फाटलाय. शेवटी पहाटे, वारा पडलेला असताना, दोन वाजता उठून केलं, आणि मावशी दारात उभी राहून विचारत होती की ह्या वेळी कसली शिटी वाजवताय, लोक काय म्हणतील. ती शिटी म्हणजे टेस्टचा स्वीप, खालपासून वरपर्यंत चढत जाणारा एकच सूर. पलीकडच्या वाडीत दोन दिवस चर्चा होती.

पण त्या ग्राफमध्ये ३ हजार हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसला, वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांकडे काम सोपवतात तिथे. कुठल्या बातमीने आम्हाला तो दाखवला असता? ट्वीटरच्या तारा उलट्या जोडून बघितल्यावर खड्डा भरला. आता जे कोणी भाईला रिव्ह्यू करतो म्हणून फोन करतं त्याला मी पहिला प्रश्न विचारतो, मोजणार का? नाही मोजलंत तरी चालेल, पण मग ऐकणार कशावर, कोणत्या खोलीत, शेजारी काय ठेवून, ते तरी लिहा.

आणि एक गोष्ट तर कुठल्याच मासिकाने विचारलेली मी बघितली नाही. वस्तू आमच्या हवेत टिकते का? एसीच्या खोलीत केलेल्या रिव्ह्यूला जून ते सप्टेंबर हा प्रश्न पडत नाही. इथे एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं, खोकं दोन पावसाळ्यांत कडेला फुगतं, स्क्रू सैल होतात. पितळी टर्मिनलवर हिरवं चढतं, खाऱ्या वाऱ्याला घर असेल, म्हणजे मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या किनाऱ्यावर, तर अजूनच लवकर. वूफरच्या कडेचा फोम भुसभुशीत होतो म्हणून भाई रबराचीच कड घेतो. कागदी कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, बुरशी येते, पांढरी, आणि लोक ती ओल्या फडक्याने पुसतात! हे सगळं त्या बाईकवाल्या पत्रकाराला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्याच्याच घरचा मिक्सर, फॅन, टीव्ही दरवर्षी या हवेत मरतो. "पावसाळ्यात किनाऱ्यावर ठेवलेला स्पीकर नारळी पौर्णिमेला कसा वाजला" हा लेख जगात कोणी लिहू शकत असेल तर कोकणातला माणूसच. भरारी कशाला पाहिजे?

आमच्यासारखे सगळेच छोटे असे रिव्ह्यूकडे डोळे लावून बसलेले नव्हते. वॉर्फडेल आज मोठं नाव आहे, पण गिल्बर्ट ब्रिग्जने १९३२ मध्ये ते इंग्लंडात इल्कलीच्या घराच्या तळघरात सुरू केलं होतं. पुढे त्याने स्पीकरवर स्वतःच पुस्तकं लिहिली, सामान्य माणसाला समजतील अशी, आणि १९५४ मध्ये थेट लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल भाड्याने घेऊन लोकांसमोर खरे वादक आणि त्यांचं रेकॉर्डिंग आलटून पालटून ऐकवलं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला कार्नेगी हॉलमध्ये. अमेरिकेत एडगर व्हिल्चरच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने तर न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनात नुसती ऐकायची खोली थाटली होती, तिथे काही विकतच नसत. लोक गाडी यायची वाट बघत ऐकत बसायचे. कणकवलीला असं काहीतरी करावं म्हणून मी भाईच्या मागे लागलोय, कोकण रेल्वेच्या गाड्या जेवढ्या लेट असतात तेवढ्यात अख्खी मैफल ऐकून होईल.

ब्रिग्जचं वाचून आम्ही गावच्या देवळात तसं करून बघितलं. सभामंडपात भजनी मंडळ, आधी रेकॉर्ड केलं, मग पडदा लावून एक अभंग बुवा आणि मंडळी, दुसरा भाईचे स्पीकर. बायकांना, मुलांना फार मजा आली, बरेच जण फसले, पेटी तर हुबेहूब. पखवाजवाले काका मात्र पडद्याच्या बाहेर येऊन हात पुढे करून म्हणाले, "माझ्या डाव्या हाताचो घुमारो खंय गेलो?" डाव्या पुडीला ते कणीक लावतात ना, तिचा जो खोल, जरा रेंगाळणारा आवाज असतो, तो स्पीकरमधून येऊन लगेच बसत होता. भाईने आधी रेकॉर्डिंगवर ढकललं. मग घरी येऊन खोकं उघडलं, पोर्टच्या तोंडापर्यंत कापूस ठासून भरला होता त्याने, आवाज 'टाइट' यावा म्हणून. अर्ध्याहून जास्त काढला. काकांना परत बोलावलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान तिरकी करून म्हणाले, "आता जरा बरो." भाईला आजवर मिळालेला सगळ्यात भारी रिव्ह्यू हा, आणि तोही "जरा".

त्या कार्यक्रमाचीही बातमी आली हां. "भजन कार्यक्रम उत्साहात संपन्न". मान्यवरांची नावं सहा ओळी. स्पीकरचा उल्लेख, ध्वनिव्यवस्था उत्तम होती.

एवढं सगळं झाल्यावर आम्ही प्रेस नोट पाठवणं बंद केलंय. आता प्रत्येक जोडीबरोबर एक मराठीतला कागद जातो, त्यावर खळ्यातला ग्राफ जसा आहे तसा, आणि खाली काय जमत नाही ते: ५० हर्ट्झच्या खाली फार अपेक्षा ठेवू नका, मोठ्या हॉलला पुरणार नाही, भिंतीला चिकटवलात तर बेस गढूळ होईल. मला वाटलं होतं गिऱ्हाईक घाबरेल, तर उलट प्रश्न शहाणे यायला लागले, खोलीची मापं पाठवून विचारतात. आणि एक डेमो जोडी ठेवलीय, डिपॉझिट भरा, घरी न्या, पंधरा दिवस ऐका, पुढच्या माणसाला तुम्हीच पोचवा आणि जे वाटलं ते सोबतच्या वहीत लिहा. वहीत रत्नागिरीच्या एका बाईंनी लिहिलंय की निवेदकाचा 'स' फार टोचतो. भाई सध्या ट्वीटरच्या रेझिस्टरशी खेळतोय, दर दोन दिवसांनी मला बोलावून तेच बातमीपत्र ऐकवतो आणि विचारतो टोचतोय का. मला आता सगळेच टोचतात.

कोणाला खरंच लिहायचं असेल, पत्रकार असा, चॅनलवाले असा, तर यावं. पैसे मिळणार नाहीत, स्पीकर फुकट मिळणार नाही, माशाचं जेवण मिळेल आणि स्क्रूड्रायव्हर मिळेल, खोकं उघडून बघा आणि दिसेल ते छापा. फक्त एप्रिल-मेमध्ये नको, भाई बागेत असतो आणि पडवीत आंब्याच्या पेट्या असतात, स्पीकर ठेवायलाही जागा नसते.